कागदावरचे नाना

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या त्या घरी मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा वहिनींनी चहाचा कप पुढे सरकवला आणि प्लास्टिकच्या पिशवीतून घड्या पडलेला एक कागद काढून विचारलं, "भाऊ, हे नाना कोण?"

कागद इन्व्हॅलिडिंग मेडिकल बोर्डाचा होता, म्हणजे ज्या बोर्डाने तिच्या नवऱ्याला फौजेतून घरी पाठवलं त्याचा. एका रकान्यात चार इंग्रजी अक्षरं होती आणि जोडून वाचली तर खरंच 'नाना' होत होतं. 'नायदर अ‍ॅट्रिब्युटेबल नॉर अ‍ॅग्रॅव्हेटेड' याचं ते लघुरूप. आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही, असा त्याचा अर्थ. मी वहिनींना म्हटलं, "हे नाना तुमच्या घरातले साडेपाच हजार रुपये दर महिन्याला खातात." आकडा मी तेव्हा अंदाजाने सांगितला होता. पुढे हिशेब केला तर दहा रुपयांचाच फरक निघाला.

मी फौजेतून हवालदार क्लार्क म्हणून निवृत्त झालो आणि डिचोलीत राहतो. माजी सैनिकांचे कागद बघून देणं हा माझा उद्योग, पैसे न घेता. गोव्यात तसा फौजी कमीच. तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, आणि आखातात गेलेला माणूस घरटी सापडेल, पण रेजिमेंटचं नाव सांगणारा एखाद्या वाड्यावर एकच. त्यामुळे सीमेपलीकडे सिंधुदुर्गात पारावर बसून जी माहिती फुकटात मिळते, ती इथे मिळत नाही. या प्रकरणातल्या माणसाचं नाव, गाव आणि पलटण मुद्दाम देत नाही. त्याला मी नाईक म्हणेन. गोव्यात नाईक म्हटलं की लोक आडनाव समजतात. इथे तो हुद्दा आहे.

माणूस आणि आजार

२००५ साली एकोणिसाव्या वर्षी नाईक भरती झाला. त्याच्या बरोबरीचे बरेचजण तेव्हा खाणीवरच्या ट्रकांवर चढत होते. खनिज तेजीत होतं आणि डिचोली-सत्तरीत पोराच्या हातात स्टिअरिंग आलं की घरच्यांना काळजी उरत नसे. हा मात्र धावण्यात पक्का होता, तो भरतीच्या रांगेत उभा राहिला. भरतीच्या तपासणीत काहीच सापडलं नाही आणि पुढची दहा वर्षं वैद्यकीय श्रेणी 'शेप वन', म्हणजे कुठेही पाठवता येईल असा तंदुरुस्त.

२०१५ साली कारगिल भागात उंचावरच्या चौकीवर असताना त्याला पहिली आकडी आली. पहारा संपवून बंकरमध्ये आल्यावर, पहाटे. स्वतःला काहीच आठवत नाही. जीभ चावलेली होती आणि शेजारच्या जवानाने त्याला कुशीवर वळवून धरलं होतं, एवढं त्याला नंतर सांगितलं गेलं. मग इस्पितळ, मेंदूची तपासणी, गोळ्या, तात्पुरती खालची श्रेणी. पुढच्या वर्षी आणखी दोन झटके आले. श्रेणी कायमची खालावली. हलक्या कामाची जागा पलटणीत नव्हती. ३१ जुलै २०१७ रोजी, बारा वर्षांच्या नोकरीनंतर, एकतिसाव्या वर्षी तो बोर्डआउट झाला, म्हणजे बोर्डाने त्याला नोकरीसाठी अपात्र ठरवून घरी पाठवलं. बोर्डाचा निष्कर्ष असा: अपस्मार, अपंगत्व २० टक्के, आयुष्यभरासाठी, नाना.

गावात आल्यावर आधी त्याने ट्रकचाच विचार केला. पण वाहन परवान्याच्या अर्जासोबत जो स्वयंघोषणेचा फॉर्म भरावा लागतो, त्यात अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याचे झटके येतात का, हा प्रश्न अगदी सुरुवातीलाच असतो. खोटं लिहायला तो तयार नव्हता. पुढे मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि परवाना असलेलेही घरी बसले. राहिली सिक्युरिटीची नोकरी. एजन्सीवाल्यांना माजी सैनिक हवाच असतो, पण रात्रपाळीसाठी. झोप बुडली की झटका, हे नाईकला अनुभवाने कळलं होतं. माडावर, पोफळीवर चढणं बंद. म्हादईत एकट्याने उतरणं बंद. काजूच्या हंगामात बोंडू गोळा करणं तेवढं उरलं.

आता त्याला काहीच मिळत नव्हतं असं नाही, आणि इथेच बरेच लोक फसतात. दहा वर्षांहून जास्त सेवा झालेली असल्याने त्याला इन्व्हॅलिड पेन्शन, म्हणजे आजारपणामुळे घरी पाठवलेल्याला मिळणारं पेन्शन, चालू होतं. शेवटचं मूळ वेतन ३१,४०० आणि मिलिटरी सर्व्हिस पे ५,२००, मिळून ३६,६००. त्याचं निम्मं, १८,३०० रुपये, वर महागाई भत्ता. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून गोळ्या मिळत होत्या. "पेन्शन चालू आहे ना, मग कशाला भांडायचं?" असं त्याला घरच्यांनी सांगितलं, गावच्यांनी सांगितलं आणि एका कार्यालयातल्या बाबूनेही सांगितलं. पाच वर्षं तो गप्प राहिला.

नाना गेले तर काय मिळतं

अपंगत्व पेन्शनचे दोन भाग असतात. एक सेवेचा, जो नाईकला दुसऱ्या नावाने मिळतच होता. दुसरा अपंगत्वाचा. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, आणि अपंगत्व कमी असेल तर त्या प्रमाणात. सातव्या वेतन आयोगाने याऐवजी ठरावीक रकमांचे टप्पे सुचवले होते. त्यावर फौजेतून ओरड झाली आणि २०१७ साली सरकारने टक्केवारीचीच पद्धत कायम ठेवली.

नाईकच्या बाबतीत शंभर टक्क्यांचा आकडा १०,९८०. त्याचे २० टक्के म्हणजे २,१९६. पण बोर्डआउट झालेल्यांसाठी ३१ जानेवारी २००१ चं संरक्षण मंत्रालयाचं एक पत्र आहे. ५० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व ५० धरायचं, ५० ते ७५ असेल तर ७५, आणि त्यापुढे थेट १००. डॉक्टरांच्या पाच-दहा टक्क्यांच्या घासाघिशीत माणूस भरडू नये, हा हेतू. म्हणजे २० चे झाले ५०, आणि २,१९६ चे झाले ५,४९०. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच फायदा मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही दिला. नाईक तर बोर्डआउटच होता, त्याला २००१ चं पत्र पुरेसं होतं.

फक्त दार एकच. अपंगत्व किमान २० टक्के हवं आणि ते सेवेमुळे झालेलं किंवा सेवेने वाढलेलं हवं. पहिली अट पुरी होती. दुसरीच्या उंबऱ्यावर नाना बसले होते.

माझी चूक

जून २०२२ मध्ये कागद माझ्याकडे आले. बोर्डानंतर सहा महिन्यांत पहिलं अपील करायचं असतं, ते केलेलंच नव्हतं. उशिरा का होईना, करू म्हटलं. त्यात मी जे लिहिलं ते आज वाचलं की लाज वाटते. तीन पानं भरली. उणे तापमान, विरळ हवा, दोन-दोन तासांचा पहारा, अपुरी झोप, घरची ओढ. झोपेचा आणि आकडीचा संबंध कुठून कुठून वाचून घातला. शेवटी 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' ही ओळ. क्लार्कचा हात, ती ओळ आपोआप उमटते.

आठ महिन्यांनी उत्तर आलं. अपील मुदतीबाहेर, शिवाय आजार घडणीतला, सेवेशी संबंध दिसत नाही, सबब फेटाळलं.

मग मुंबईचे एक वकील गाठले. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यासाठी आहे, म्हणजे पर्वरीला उच्च न्यायालय डोळ्यांसमोर असूनही आपल्याला आधी मुंबईच गाठावी लागते. वकिलांनी माझी तीन पानं वाचली, बाजूला ठेवली आणि विचारलं, "तुम्ही हे सिद्ध करायला का गेलात?"

मला प्रश्नच कळला नाही.

"आकडी कशाने आली हे जगातल्या मोठ्या न्यूरॉलॉजिस्टला सांगता येत नाही," ते म्हणाले, "आणि तुम्ही डिचोलीत बसून सांगताय. ते तुमचं काम नाही. घेताना तपासून घेतला होता ना? मग बिघाड कुठून आला हे त्यांनी सांगायचं."

या एका वाक्याने प्रकरण उलटं फिरलं. फौजेच्या नियमांत हे तत्त्व जुनं आहे. १९८२ च्या पात्रता नियमांत म्हटलं होतं की भरतीच्या वेळी नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरायचं, आणि सिद्ध करण्याचं ओझं जवानावर टाकायचं नाही. २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते ठणकावून सांगितलं. धरमवीरही जवानच होता, सिग्नल्सचा, म्हणजे लष्कराच्या दळणवळण दलाचा. त्यालाही अपस्मार, तेही २० टक्के, आणि नऊ वर्षांच्या सेवेनंतर १९९४ साली घरी. न्यायालय म्हणालं, भरतीच्या कागदावर आजाराची नोंद नाही, तर तो सेवेत झाला असं गृहीत धरा. तपासणीत तो आजार सापडणं शक्यच नव्हतं असं बोर्डाचं मत असेल, तर बोर्डाने कारणं लिहावीत. नुसता निष्कर्ष चालणार नाही. पुढच्याच वर्षी सुखविंदर सिंग प्रकरणात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली: माणसाला अपंगत्वासाठी घरी पाठवताय, मग ते २० टक्क्यांपेक्षा कमी कसं?

मी सगळी नोकरी फौजेच्या ऑफिसात काढली आणि याचना हीच अर्जाची भाषा मानत आलो. नियम जवानाच्या बाजूने गृहीतक धरून बसले होते आणि मी ते सोडून हात जोडायला गेलो होतो.

सापडलेला कागद

वकिलांनी दोनच गोष्टी मागितल्या: भरतीच्या वेळचा वैद्यकीय फॉर्म आणि बोर्डाची संपूर्ण कार्यवाही. आमच्याकडे कार्यवाहीचं एकच पान होतं, नानांचं. माहितीच्या अधिकारात अर्ज केला. वाळपईच्या पोस्टातून दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर घेतली, नाईकने स्वतः सही करून रजिस्टर टपाल केलं. तीस दिवसांची मुदत उलटून गेल्यावर स्मरणपत्र, आणि मग एक जाड पाकीट.

पाकिटातला ऐवज पाहून वकील फोनवर हसले. बोर्डाच्या फॉर्ममध्ये छापील प्रश्न असतात. हा आजार सेवेत येण्याआधी होता का? उत्तर: नाही. स्वतःच्या निष्काळजीपणामुळे किंवा गैरवर्तनामुळे झाला का? उत्तर: नाही. झटका प्रथम कुठे आला? उंचावरच्या त्या चौकीचं नाव. आणि सेवेशी संबंध का नाही, याची कारणं लिहायच्या मोकळ्या जागेत दोनच शब्द: 'कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर'. घडणीतला आजार. एवढंच.

मला त्या डॉक्टरांवर राग काढायचा नाही. एका बैठकीत किती केसेस असतात हे मी पाहिलंय, आणि अपस्मार म्हटलं की हे दोन शब्द लिहायचे असा वहिवाटीने पडलेला पायंडा आहे. पण घडणीतला आजार दहा वर्षं शेप वन कसा राहिला, हा प्रश्न त्या जागेत कुणीतरी लिहायला हवा होता.

सप्टेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात न्यायाधिकरणात अर्ज दाखल झाला. सरकारी बाजूने अपेक्षित मुद्दा आला: १९८२ चे नियम जाऊन २००८ चे आले, त्यात ते सरसकट गृहीतक राहिलेलं नाही, सेवेत असताना आजार दिसला एवढ्यावर तो सेवेमुळे झाला असं होत नाही. मुद्दा अगदीच पोकळ नाही, २००८ च्या नियमांची भाषा खरोखर आखडती आहे. पण त्याच नियमांत असंही आहे की सर्वसाधारणपणे दावेदाराकडे पुरावा मागायचा नाही. दावा निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी आला तरच ओझं त्याच्यावर. नाईकला सहा झाली होती. आणि नियम कोणतेही लावा, दोन शब्द म्हणजे कारणं होत नाहीत. आमच्या वकिलांनी युक्तिवाद इथेच थांबवला. थंडी, पहारा, झोप यातलं काहीही त्यांनी काढलं नाही.

नाईकला मुंबईला यायची गरज नव्हती. तरी एका तारखेला तो आला, थिवीहून रात्रीच्या गाडीने, वहिनींना घेऊन. रात्रभर त्या जाग्या होत्या, तो झोपावा म्हणून.

मधेच आलेले नवे नियम

अर्ज दाखल होऊन दोन-तीन आठवडे होत नाहीत तोच फोनवर मेसेज फिरू लागले की अपंगत्व पेन्शन बंद झालं. झालं होतं ते असं: २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे पात्रता नियम आले. त्यात अपंगत्व येऊनही सेवेत ठेवलेल्यांच्या 'डिसेबिलिटी एलिमेंट'चं, म्हणजे अपंगत्वाच्या भागाचं, नाव बदलून 'इम्पेअरमेंट रिलीफ' झालं, निकष नव्याने लिहिले गेले. पण ते त्या तारखेनंतर बाहेर पडणाऱ्यांना. २०१७ च्या नाईकला त्यांचा स्पर्श नाही. हे मला तीन रात्री फोनवर निरनिराळ्या लोकांना समजवावं लागलं.

नियम कडक करण्यामागचं कारण खोटं नाही. निवृत्तीच्या तोंडावर रक्तदाबाचा कागद करून घेऊन पेन्शन फुगवणारे आहेत, आणि त्यातले बरेच खांद्यावर पितळ असलेले आहेत, हे फौजेत सगळ्यांना माहीत असतं. पण चाळणी बारीक केली की अडकतो तो अर्ज लिहिता न येणारा. साहेबाला वकील सापडतोच.

आणखी एक गोष्ट जाता जाता. आपल्याकडे हे सगळं नियमांनी आणि मंत्रालयाच्या पत्रांनी चालतं, संसदेत यावर मत पडत नाही. अमेरिकेत हे कायद्याने ठरतं, आणि तिथली गाठ वेगळीच आहे. वीस वर्षं पूर्ण केलेल्या आणि ५० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या माजी सैनिकाला २००४ पासून टप्प्याटप्प्याने निवृत्तिवेतन आणि अपंगत्व भरपाई दोन्ही मिळू लागलं. पण वीस वर्षांच्या आत जखमांमुळे वैद्यकीय निवृत्ती मिळालेल्याच्या एका रकमेतून दुसरी डॉलरला डॉलर वजा होते. ते थांबवण्यासाठीचं मेजर रिचर्ड स्टार यांच्या नावाचं विधेयक तिथल्या काँग्रेसमध्ये वारंवार मांडलं गेलं. ते मेजर स्वतः २०२१ मध्ये कर्करोगाने गेले. आपल्या नाईकला दोन्ही भाग एकत्र मिळण्यात अडचण नव्हती. त्याची अडचण रकान्याची होती.

निकाल आणि हिशेब

२०२५ च्या सुरुवातीला निकाल आला. अपस्मार सेवेने वाढलेला मानला, अपंगत्व २० टक्के, ते ५० धरून आयुष्यभर. थकबाकी अर्ज दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांची. चार महिन्यांत द्या, नाहीतर व्याज.

तीन वर्षांची मर्यादा २००८ च्या तरसेम सिंग निकालातून आली आहे. पेन्शन न मिळणं हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय आहे, म्हणून उशीर झाला तरी दावा मरत नाही, पण मागची रक्कम सहसा तीन वर्षांपलीकडे द्यायची नाही, असं त्या निकालात म्हटलं होतं. नाईकची थकबाकी सप्टेंबर २०२० पासून सुरू झाली. ऑगस्ट २०१७ ते ऑगस्ट २०२० हे सदतीस महिने गेले. ५,४९० गुणिले ३७: दोन लाख तीन हजार एकशे तीस रुपये, महागाई भत्ता धरलेला नाही. "पेन्शन चालू आहे ना" या वाक्याची किंमत एवढी झाली. त्यातले जून २०२२ नंतरचे पंधरा महिने माझ्या तीन पानांच्या अपिलाच्या खाती मांडायला हवेत, कारण आधीच वकिलांकडे गेलो असतो तर तारीख मागे सरकली असती. अर्थात अपिलाशिवाय थेट न्यायाधिकरणात जाता येत नाही, असं वकील माझ्या समाधानासाठी म्हणतात. सहा महिने थांबून पुढे जाता आलं असतं, हे ते म्हणत नाहीत.

चार महिने उलटले, काही आलं नाही. अंमलबजावणीसाठी वेगळा अर्ज करावा लागला. गणेश चतुर्थीच्या आठवड्यात, घरात माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायचं चाललेलं असताना, नाईकच्या फोनवर पैसे जमा झाल्याचा मेसेज आला. त्याने फोटो मला पाठवला आणि मागोमाग फौजी पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवरून काढलेला दुरुस्त पेन्शन आदेशही. वहिनींनी फोन हातात घेऊन विचारलं, "आता नाना गेले ना?"

आदेशात नाना नव्हते. त्या रकान्यात आता 'अ‍ॅग्रॅव्हेटेड' होतं. पण त्याखाली दरमहा अपंगत्वाचा भाग २,१९६ लिहिला होता. पन्नास टक्के धरायचे होते, ते कुणीतरी वीसच धरले होते. दर महिन्याला ३,२९४ रुपये कमी, थकबाकीही त्याच हिशेबाने.

चतुर्थी आटोपल्यावर निकालाची प्रत, त्यातला परिच्छेद पेनाने खूण करून, आणि २००१ चं पत्र जोडून अर्ज पाठवला. या वेळी अर्ज चार ओळींचा आहे. सहानुभूतीची ओळ नाही. पोचपावती आली आहे, उत्तर यायचं आहे.